आधी गोंद ओळखा: तेलीबांध्यातली पंचवीस वर्षं

बेस गिटारचा फिंगरबोर्ड नेकपासून सुटा करायचा, तर हत्यार कोणतं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, आत गोंद कोणता. 2000 साली छत्तीसगड वेगळं राज्य झालं, तेव्हापासून रायपूरच्या तेलीबांध्यात हे काम कसकसं बदलत गेलं ते आठवायला बसलं की हाच मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो.

त्या सुमारास रायपुरात बेस दिसायची ती चर्चमध्ये, ऑर्केस्ट्रावाल्यांकडे आणि कॉलेजच्या एखाद्या बँडमध्ये. गाव हावडा-मुंबई मार्गावरचं, त्यामुळे वाद्यं बहुतेक कोलकात्याहून यायची. इथल्या हवेत ती टिकवणं सोपं नाही. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, लाकूड सुकून आकसतं. जूनअखेर पाऊस लागला की तेच लाकूड ओल धरून फुगतं. त्यावर चार तारांचा मिळून 70-80 किलोंचा ताण चोवीस तास असतोच. मग फिंगरबोर्डाची कड उचलली जाते, नेक पीळ खाते, किंवा आतला ट्रस रॉड जास्त आवळल्याने तुटतो. नेकच्या पाठीमागून बसवलेला नसेल, तर तुटलेला रॉड बदलायला फिंगरबोर्ड उचलण्यावाचून गत्यंतर नसतं.

गंमत अशी की 1951 साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा तिला वेगळा फिंगरबोर्ड नव्हताच. मेपलची अखंड नेक, तिच्यावरच फ्रेट ठोकलेले, आणि रॉड मागून बसवून वर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. शिसवीचा वेगळा फिंगरबोर्ड 1959 मध्ये आला. तो खालून सपाट होता. 1962 मध्ये त्याची जागा खालून गोलाई असलेल्या पातळ पट्टीने घेतली. दुरुस्ती करणाऱ्याला हा फरक माहीत असलाच पाहिजे. सपाट सांध्यात पातं या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातं. गोलाईच्या सांध्यात सरळ पातं रेटलं की ते थेट नेकच्या लाकडात घुसतं.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे हत्यारं म्हणजे घरातली इस्त्री, रंगाऱ्याची लांबी भरायची पट्टी आणि घासून पातळ केलेलं हॅक्सॉ ब्लेड. ब्लेड कडक असल्याने लाकडाचे तुकडे उडायचे. पुढे केकवर क्रीम फिरवायचा लवचिक चाकू हाती लागला आणि काम बदललं. त्याची धार मोडून, कडा कानशीने गोल करून घेतल्या की तो सांध्यातून वाट काढत जातो. सिलिकॉनचा तापवायचा पट्टा आणि लाकडाचं तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर फार नंतर आले. (कोरोनात कपाळासमोर धरायचे ते यंत्र इथे चालत नाही, त्याची मजल तापापुरतीच.)

काम करायची रीत मात्र ठरत गेली. तारा, नट काढायचे, रॉड पूर्ण सैल करायचा. फिंगरबोर्ड आणि नेक यांच्या सांध्यावर लॅकर चढलेलं असतं. ते आधी ब्लेडने रेघ मारून कापून घ्यायचं, नाहीतर फिंगरबोर्ड उठताना लॅकरचे पापुद्रे निघतात. चिकटवताना फिंगरबोर्ड घसरू नये म्हणून कारखान्यात कधी कधी बारीक खिळे किंवा पिना ठेवलेल्या असतात. त्यांच्या वरचा फ्रेट काढून पिना शोधायच्या. राहून गेल्या तर पातं तिथे अडतं आणि आपण जोर लावून लाकूड फाडतो. खुणांचे ठिपके सेल्युलॉइडचे असतील तर काढूनच ठेवायचे, कारण ते पेट घेतं. नेक सरळ तुळईवर शिकंज्याने पक्की करायची आणि मग उष्णता द्यायची.

टोकाचा बोटभर भाग तापू द्यायचा. पातं लावायचं, पण ढकलायचं नाही. गोंद मऊ झाला की पातं स्वतःहून दोन-तीन मिलिमीटर आत सरकतं आणि हाताला ते कळतं. मग उष्णता पुढे न्यायची. लाकडाचे रेषे कुठल्या बाजूला उतरतात ते कडेवरून आधी बघून ठेवायचं. रेषे नेकमध्ये उतरत असतील तर दुसऱ्या टोकाकडून यायचं. फिंगरबोर्ड सुटल्या सुटल्या दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून थंड होऊ द्यायचा. गरम लाकूड मोकळं सोडलं तर ते वाकतं.

हे सगळं जमतं ते गोंद दाद देतो म्हणून. मिरजेत सतारी, तंबोरे घडवणाऱ्या जुन्या पिढ्या सरस वापरत. प्राण्यांच्या कातडी-हाडांतून काढलेला, गरम करून लावायचा. ऊब आणि ओल मिळाली की सरस पुन्हा मऊ होतो, त्यामुळे तबली, म्हणजे भोपळ्यावरची फळी, उघडून, दुरुस्त करून परत बसवता येते. 1959 साली पिडिलाइटचं फेविकॉल आलं आणि सुतारांची सरस उकळण्याची कटकट गेली. तेही उष्णतेला मऊ पडतं, फक्त ओलीला सरसाइतकं वश होत नाही. खरी पंचाईत इपॉक्सीची. काही इपॉक्सी तापवल्यावर सुटतात, काही लाकूड करपलं तरी हलत नाहीत. स्वस्त बेस गिटारी वाढल्या तशी ही अडचण वाढली. अशा वेळी मी पातं बाजूला ठेवतो आणि रंधा हातात घेतो: जुना फिंगरबोर्ड तासून संपवायचा आणि नवा घालायचा. गिऱ्हाइकाला ते सांगणं जड जातं, पण नेक वाचते.

नवा घालायचा म्हटलं की लाकडाचा प्रश्न येतो. 2017 च्या जानेवारीपासून शिसवीच्या सगळ्या जाती साइट्स या धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराच्या कराराखाली आल्या, आणि शिसवीचा फिंगरबोर्ड असलेली गिटार परदेशी पाठवायलाही कागदपत्रं लागू लागली. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. मधल्या काळात अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. आपली शिसव भारतातच वाढते, तिच्यासारखं घट्ट लाकूड फिंगरबोर्डाला दुसरं मिळणं कठीण, असं माझं ठाम मत आहे. जुन्या फर्निचरची शिसव मिळाली तर मी ती सोडत नाही. ती सुकून स्थिरावलेली असते.

आज तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, आणि बेस घेऊन येणारी मुलं इंटरनेटवर सगळं बघून आलेली असतात. बहुतेकांना फ्रेटलेस करून हवी असते. त्यांना आधी एवढंच सांगतो: त्यासाठी फिंगरबोर्ड काढायची गरज नाही, फ्रेट उपटून खाचा भरल्या की झालं. बेसवादक जाको पास्टोरियसची 1962 ची जॅझ बेस तशीच होती, वर फक्त इपॉक्सीचा लेप.

जिथे काढावाच लागतो, तिथे परत बसवताना जुना गोंद खरवडून पूर्ण साफ करतो, कारण वाळलेल्या फेविकॉलवर नवं फेविकॉल नीट धरत नाही. फेंडरच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात नेकच्या बुडाशी पेन्सिलीने तारीख लिहीत. मी तिथेच तारखेखाली गोंदाचं नाव आणि पिना कुठल्या फ्रेटखाली आहेत ते लिहितो, पुढे ती नेक उघडणाऱ्यासाठी.