चर्मकाम, लेझर यंत्र आणि 'छंद' नावाचा प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा डोंबिवलीला आला आणि त्याने माझ्यापुढे एक साधा प्रश्न ठेवला. "मामा, चामड्यावर अक्षरं, नक्षी काढायचं लेझरचं यंत्र घ्यायचंय. घरात ठेवण्याजोगं, लहान. कुठलं घेऊ?" मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे प्रश्न मला विचारला जाणे स्वाभाविक होते. पण मी उत्तर देण्याआधीच आई बोलली. "त्या चामड्यातनं तुमाला भाईर काडाया तुझ्या बापाचा जल्म गेला. आता तेच घरात आणता व्हय?"

वडील डोंबिवली स्टेशनाबाहेर रापी, आरी आणि हातोडी घेऊन बसत. त्या पैशातून मी पदवीपर्यंत पोचलो. आमच्या घरातला पहिलाच. तेव्हा आईचा प्रश्न बाजूला सारून केवळ यंत्राचे गुणदोष सांगणे मला शक्य नाही. पण यंत्राची माहिती न घेता नुसता सामाजिक प्रश्न चघळत बसणे हाही एक प्रकारचा पळपुटेपणाच होईल. म्हणून दोन्ही गोष्टी क्रमाने मांडतो.

१

लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा, अत्यंत लहान ठिपक्यावर एकवटता येणारा प्रकाश. पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला. चामडे हे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. एकवटलेला किरण त्यावर पडला की तेवढीच जागा तापते, तिच्यातले पाणी उडते आणि प्रथिन करपते. ते करपणे म्हणजेच आपल्याला दिसणारी गडद रेघ. तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे लोखंडाच्या जागी प्रकाश आहे आणि हाताच्या जागी संगणकाची आज्ञा.

घरगुती वापरासाठी आज मुख्यतः दोन जातींची यंत्रे मिळतात. (यंत्रांच्या बाबतीत हा शब्द निरुपद्रवी आहे.) पहिले कार्बन डायऑक्साइड वायूचे. हा लेझर १९६४ साली कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या शासकीय महाविद्यालयातले. याची तरंगलांबी सुमारे १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. चामडे, लाकूड, कागद यांसारखे पदार्थ ती रंग कोणताही असो, सहज शोषून घेतात. म्हणून हे यंत्र जाड चामडेसुद्धा वेगाने कापते. परंतु त्यात काचेची नळी असते, तिला सतत पाण्याने थंड ठेवावे लागते, ती कालांतराने निकामी होते, आणि तिला चालवण्यासाठी पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. जुन्या चाळींत आणि इमारतींत वीजजोडणीचे अर्थिंग किती ठिकाणी धड असते, हे आपण सारे जाणतो. जिथे अर्थिंग नाही तिथे हे यंत्र आणू नये.

दुसरे डायोडचे. त्याचा प्रकाश निळा, तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर. हे यंत्र हलके, स्वस्त, साध्या घरगुती जोडणीवर चालणारे. नैसर्गिक रंगाच्या व गडद चामड्यावर ते उत्तम रेघ काढते. कापण्यात मात्र ते मंद. दोन मिलिमीटरचे चामडे कापायला किरण पुनःपुन्हा फिरवावा लागतो आणि कडा काळी पडते. छंदासाठी, म्हणजे पाकीट, किल्ल्यांची साखळी, डायरीचे वेष्टन यांवर अक्षरे काढण्यासाठी, हे पुरेसे आहे.

येथे खरेदीदाराची पहिली फसवणूक होते ती वॅटच्या आकड्यात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात '४० वॅट' लिहिलेले असते, आणि ती असते यंत्राने ओढलेली वीज. किरणाची प्रत्यक्ष शक्ती कित्येकदा पाचच वॅट असते. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: प्रकाशाची शक्ती किती? नुसत्या रेखाटनाला ५ वॅट चालतात. पातळ चामडे कापायचेही असेल तर १० वॅट घ्यावेत. त्याहून अधिक शक्तीने अक्षर अधिक सुंदर येते हा भ्रम आहे. सौंदर्य ठिपक्याच्या बारीकपणावर आणि वेग व शक्ती यांच्या मेळावर अवलंबून असते. तो मेळ साधण्यासाठी प्रत्येक नव्या चामड्याच्या तुकड्यावर लहान चौकटींचा तक्ता काढून पाहावा: आडवी शक्ती वाढत जाईल, उभा वेग वाढत जाईल. जी चौकट डोळ्यांना पटेल तिचे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम तपासावी. काही आज्ञावली देवनागरी जोडाक्षरे मोडतात. 'बुद्ध' लिहावे तर 'द' आणि 'ध' वेगळे पडतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते. त्यावर उपाय असा, की अक्षरे इंकस्केपसारख्या मोफत आज्ञावलीत लिहून त्यांचे रेषाचित्रात रूपांतर करावे आणि मग ते यंत्राकडे द्यावे. आपल्या अक्षराचा अपभ्रंश आपल्याच हातून होऊ नये.

२

यंत्रापेक्षाही महत्त्वाची निवड चामड्याची आहे, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात नीट सांगितलेली नसते.

आज जगातील बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ, स्वस्त आणि लवकर तयार होणारे. परंतु ते जाळले असता त्यातील क्रोमियमचे घातक, कर्करोगकारक रूप तयार होण्याचा धोका असतो. याउलट हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेल्या चामड्यात हा धोका नाही आणि त्यावर लेझरची रेघही अधिक स्वच्छ उमटते. कोल्हापुरी चप्पल परंपरेने याच चामड्याची. म्हणजे आमच्या ढोर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या सालीच्या पाण्यात हात कुजवून जी विद्या सांभाळली, तीच आजच्या या नव्या यंत्राला सर्वांत अनुकूल ठरते आहे. तिला विद्या म्हणण्याचे औदार्य मात्र समाजाने कधी दाखवले नाही.

ओळखायचे कसे? कापलेल्या कडेकडे पाहावे. आतला गाभा निळसर-करडा असेल तर क्रोमचे, सर्वत्र तपकिरी असेल तर सालीचे. आरपार रंगवलेल्या चामड्यात ही खूण लपते. तेव्हा छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाकावा. सालीचे चामडे आक्रसते व वळते, क्रोमचे बहुधा टिकते.

रेक्झिन म्हणजे बहुधा पीव्हीसी. ते यंत्राखाली कधीही ठेवू नये. त्यात क्लोरीन असते. जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसेही जाळतो आणि यंत्राचे लोखंडही खातो. शंका असेल तर उघड्या हवेत तांब्याची तार तापवून त्या मालाला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर माल परत करावा. धारावीच्या बाजारातून किलोवर तुकडे आणणाऱ्यांनी ही कसोटी विसरू नये, कारण तिथल्या ढिगात सगळेच मिसळलेले असते.

२०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूपर्यंत वाढवण्यात आली. बैलाचे कातडे स्थानिक बाजारात दुर्मिळ झाले, म्हशी-रेड्याच्या कातड्यावर भार आला. पुढच्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. चामडे कुठून आणले हा प्रश्न छंद जोपासणाऱ्या मध्यमवर्गीयाला पडत नाही. आपल्या माणसाला तो पडतो आणि पडला पाहिजे. खरेदीची पावती जपून ठेवा, एवढेच मी व्यवहारापुरते सांगतो.

३

आता सुरक्षिततेचे. उघडे डायोड यंत्र चौथ्या वर्गातले, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गातले असते. किरणाचे परावर्तनसुद्धा क्षणात दृष्टी घालवू शकते. यंत्रासोबत येणाऱ्या हलक्या चष्म्यावर विसंबू नये. ४५० नॅनोमीटरसाठी प्रमाणित असा चष्मा वेगळा घ्यावा. वायूच्या लेझरचा चष्मा येथे चालत नाही, आणि पारदर्शक ॲक्रिलिकचे झाकण निळा प्रकाश अडवत नाही, त्याला योग्य नारिंगी झाकण लागते. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे झाकण उघडताच किरण बंद होईल असेच यंत्र घ्यावे. पाच-सहा हजार वाचवून डोळे गमावण्यात शहाणपण नाही. यंत्र चालू ठेवून उठून जाऊ नये, आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे.

राहिला धूर. डोंबिवलीकराला धुराविषयी वेगळे सांगायला नको. येथील एमआयडीसीत २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यात झालेले स्फोट आपण सोसले आहेत. आपल्या घरात आपण आणखी एक धुराडे उभारू नये. पंखा आणि नळीने धूर बाहेर काढणे अत्यावश्यक आहे. पण बाहेर म्हणजे कुठे? चाळीत एकाचे बाहेर हे दुसऱ्याचे आत असते. करपलेल्या चामड्याला जळक्या केसांसारखा वास येतो. आणि चामड्याच्या वासाला या देशात इतिहास आहे. भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले जाण्याचा अनुभव मला याच शहरात आलेला आहे. वडिलांच्या हाताला वास येतो म्हणून शाळेत मला मागे बसवलेले मी विसरलेलो नाही. तेव्हा भाच्याला मी स्पष्ट सांगितले: राहत्या खोलीत यंत्र नको. वासाची लाज वाटते म्हणून नव्हे. शेजाऱ्याच्या फुप्फुसावरही आपला हक्क नाही म्हणून.

४

आता आईच्या प्रश्नाकडे वळतो. डोंबिवली-ठाण्याकडे अलीकडे चर्मकलेची शिबिरे भरतात. तिथे फी भरून शिकणारे सुशिक्षित लोक रापी चालवतात, टाके घालतात, त्याला छंद म्हणतात. त्याबद्दल मला राग नाही. पण एक गोष्ट नमूद केली पाहिजे: रापी हातात घेतल्याने त्यांची जात बदलत नाही. तीच रापी माझ्या भाच्याने घेतली की 'शेवटी आपल्या धंद्यावर आला' असे म्हटले जाते. एकाचा तो छंद आणि दुसऱ्याचे ते प्राक्तन. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले, की जातिव्यवस्था कामांबरोबर काम करणाऱ्या माणसांनाही विभागते आणि आवडीनिवडीला वावच ठेवत नाही. छंदाचा मूळ अर्थच निवडीचा. ज्याला सोडण्याचे स्वातंत्र्य नव्हते त्याला धरण्याचेही स्वातंत्र्य नव्हते. भाच्यापाशी आयटीआयचे प्रमाणपत्र आहे, दुसरी नोकरी आहे. तो उद्या हे सोडू शकतो. म्हणूनच आज तो हे धरू शकतो. आईला मी हे सांगितले. तिला पटले असे नाही, पण तिने ऐकून घेतले.

यंत्राला नाके मुरडणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. हाताचे तेच पवित्र, असे तो म्हणतो. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली होती. माणसाला विसावा आणि संस्कृती हवी असेल तर यंत्र हवे, दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असा त्यांचा रोख होता. मी त्याच बाजूचा आहे. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोल्हापुरी चपलेची वेणी आणि गोंडे बहुतांशी घरोघरच्या बाया करतात. उद्या नक्षीचे काम यंत्राने ओढून घेतले तर त्यांची मजुरी कोणाच्या खिशात जाईल, हा प्रश्न यंत्र घेणाऱ्याने विचारावा.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. १९७४ साली स्थापन झालेले आपले चर्मोद्योग महामंडळ त्याचे एक धारक आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने तशाच चपला मूळ न सांगता मांडल्या तेव्हा केवढा गहजब झाला. मग आपणही डोंबिवलीत यंत्राने नक्षी कोरून 'अस्सल कोल्हापुरी' म्हणू नये. यंत्राचे काम यंत्राचे म्हणूनच विकावे.

५

शेवटी आम्ही ठरवले ते असे. तीन महिने यंत्र घ्यायचे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून नगावर काम करून घ्यायचे आणि माल खपतो का ते पाहायचे. खपला तर १० वॅट प्रकाशशक्तीचे, झाकणबंद डायोड यंत्र तिघांनी मिळून घ्यायचे आणि ते भाड्याच्या गाळ्यात, धूर वर सोडता येईल अशा जागी ठेवायचे. कर्ज काढायचे नाही. जाड तळाचे कापकाम रापीनेच करायचे, कारण तिथे हे यंत्र रापीची बरोबरी करत नाही.

आणि एक अट मी घातली. आज्ञावली प्रत्येक कामाला किती मिनिटे लागली ते दाखवते. ती मिनिटे वहीत लिहायची, आणि त्याच ओळीत हाताने घातलेल्या टाक्यांना लागलेली मिनिटेही लिहायची. मगच किंमत ठरवायची. बलुत्यात आमच्या आज्याला सुगीला पायली-दोन पायली धान्य मिळे. वर्षभरात किती जोडे, किती मोटा शिवल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि त्यालाही तो ठेवू दिला नाही. यंत्राच्या वेळेची किंमत गिऱ्हाईक निमूट देते. हाताच्या वेळेची किंमतही त्याच कागदावर त्याच्यापुढे ठेवली पाहिजे.

भाच्याने वही घेतली आहे. पहिल्या पानावर त्याने वेळ, माल, मजुरी असे तीन रकाने आखले. चौथा आईने सांगून आखून घेतला: उधारी.