नगरच्या उन्हात स्लिपर आमरी

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या अभयारण्यात आमरीच्या बऱ्याच जाती फुलतात. स्लिपर आमरी मात्र त्यांत एकही नाही. ओठाची पाकळी फुगून पिशवी झालेलं हे फूल पश्चिम घाटात फक्त दक्षिण टोकाला, अगस्त्यमलईत सापडतं. तिथली ‘पॅफिओपेडिलम ड्रुरीआय’ १८६५ साली उजेडात आली, पुढे दिसेनाशी झाली, १९७२ मध्ये पुन्हा सापडली आणि मग संग्राहकांनी ती इतकी ओरबाडली की आज ती नामशेष व्हायच्या बेतात आहे. पॅफिओपेडिलमच्या भारतातल्या बाकीच्या जाती ईशान्येकडच्या. स्लिपर आमरी जंगलातून काढणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे रोप विकत घेताना विक्रेत्याला परवाना विचारायला अजिबात संकोचू नये.

या जातींच्या ओळखीत सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘इन्सिग्ने’चा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडलीनं १८२१ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून तिची रूपं वाढतच गेली. एका फुलाच्या वरच्या दलावर तपकिरी ठिपक्यांची दाटी, तर दुसऱ्यावर चारच थेंब. ‘सँडरे’ या प्रकारात ठिपके जवळजवळ नाहीतच, फूल पिवळंधमक. ‘हेअरफील्ड हॉल’चं फूल चांगलंच मोठं, कारण त्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. त्यातच इन्सिग्ने आणि स्पायसेरिॲनम या दोन जातींचा ‘लीॲनम’ हा जुना संकर; त्याच्या कुंडीवर इन्सिग्नेची पाटी सहज लागते.

म्हणून मी म्हणेन, रंग बाजूला ठेवा आणि भिंग घ्या. पिशवीच्या तोंडाशी, फुलाच्या मधोमध एक छोटी ढाल असते, ती म्हणजे वंध्य पुंकेसर. रंग कितीही बदलले तरी तिची घडण जातीगणिक बरीचशी ठरलेली असते. स्पायसेरिॲनमची ढाल जांभळट, पांढऱ्या काठाची. वरच्या पांढऱ्या दलावर उभा जांभळा पट्टा. इन्सिग्ने म्हणून घेतलेल्या झाडात हा पट्टा ठळक दिसला तर संकराचा संशय घ्यावा. व्हिलोसम या जातीची पाकळी मधल्या रेषेनं दुरंगी, आणि देठावर लांब लव. व्हेनुस्टमचं पानच बोलतं: वरून गडद-फिक्या हिरव्या चौकटी, खालून जांभळी झाक. पण नुसत्या हिरव्या पानांच्या झाडाला फुलाआधी नाव देऊच नये. कोवळ्या रोपाच्या पहिल्या फुलावरही विसंबू नये. ते बरेचदा लहान आणि बेढब येतं.

नगरची थंडी इन्सिग्नेला मानवते. दिवाळीच्या सुमारास रात्रीचा पारा उतरू लागतो, ते तिला हवंच असतं. उबदार रात्रींत ती नुसती पानं वाढवत बसते. खरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा चाळिशीला आणि हवा कोरडी. या आमरीला पाणी साठवणारे फुगीर खोडकंद नसतात, त्यामुळे तिला डेंड्रोबियम आमरीसारखं कोरडं ठेवून चालत नाही. पूर्वेचा आडोसा, ७५ टक्के सावलीची जाळी आणि कुंडीखाली ओल्या वाळूचा ट्रे एवढं तरी हवंच. कुंडीत सालीचे तुकडे, कोळसा, थोडं पेर्लाइट घालावं. बोअरच्या क्षारांनी पानांची टोकं करपतात, म्हणून छपराचं पावसाचं पाणी साठवून वापरावं. पाणी सकाळीच घालावं. रात्री पानांच्या बेचक्यात साचलं तर कोंब कुजतो.

एका कोंबाला फूल एकदाच येतं. तरीही फुलून गेलेला कोंब कापू नये. त्याच्याच बुडातून नवे कोंब फुटतात, आणि झाड वेगळं करायचं झालं तर प्रत्येक भागाला निदान तीन कोंब ठेवावेत.