वळू आणि धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण

आमच्या गांवीं वळू पाळणाऱ्या एका शेतकरी बंधूंनीं परवां आम्हांस विचारलें, "भाऊसाहेब, जस्तानें वळूची शक्ति वाढते म्हणतात, तर पिकावर फवारण्याचें नॅनो जस्त पेंडींतून घातल्यास काय हरकत?" गांवच्या बहुतेक गाई त्या एकाच वळूवर अवलंबून आहेत. सबब या प्रश्नाचा खुलासा येथें करतों.

धातूचा प्राणवायूशीं संयोग होऊन ऑक्साइड बनतें. त्याचे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान केले म्हणजे त्यांस नॅनो-कण म्हणतात. ढेंकूळ फोडून माती केली कीं तिचा पाण्याशीं स्पर्श वाढतो. तद्वत् कण बारीक झाल्यानें त्यांचा पृष्ठभाग व शरीरांतील क्रिया दोन्ही वाढतात. कांहीं कण रक्तावाटे वृषणांपर्यंतही पोंचतात.

प्रयोगशाळांत उंदरांस टायटेनियम डायऑक्साइडचे असे कण मोठ्या मात्रेनें दिले असतां पुष्कळ प्रयोगांत शुक्रजंतूंची संख्या घटली, चापल्य मंदावलें व टेस्टोस्टेरॉन हा नरत्वपोषक स्राव कमी झाला. कारण असें कीं, हे कण पेशींत प्राणवायूचीं अति तीव्र रूपें उत्पन्न करतात. शुक्रजंतूच्या आवरणांत स्निग्धांश फार; त्यामुळें उघडें तेल खवट व्हावें तसें तें आवरण बिघडतें.

जस्ताची गोष्ट थोडी निराळी. तें वळूस अवश्य पाहिजे. त्याच्या अभावीं वृषणांची वाढ खुंटते. जस्त-ऑक्साइडच्या नॅनो-कणांनीं अल्प मात्रेंत कांहीं प्रयोगांत लाभ झाला, तर मोठ्या मात्रेंत तेच अपायकारक ठरले. उंदराची मात्रा वळूस जशीच्या तशी लागू होत नाहीं हें खरें. परंतु म्हणूनच अंदाजानें कांहीं घालणें धोक्याचें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वळूच्या वृषणांत शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें ६१ दिवस लागतात. आजच्या चुकीचें फळ त्यामुळें बहुधा दोन महिन्यांनीं दिसतें, व तोंवर मूळ कारणाचा विसर पडतो. याकरितां वळूच्या खुराकांत कांहीं बदल केल्यास तारीखवार नोंद ठेवावी. गाई वारंवार उलटूं लागल्यास ती नोंद पशुवैद्यांस दाखवून रेताची तपासणी करवावी.

तात्पर्य, पिकाचें औषध पिकासच द्यावें. वळूस जनावरांसाठीं तयार केलेलें खनिज मिश्रणच, पिशवीवर लिहिलेल्या प्रमाणांत घालावें. आमच्या बंधूंस हें पटलें व त्यांनीं ती बाटली गोठ्यांतून हलविली. वाचकांनींही आपापले गोठे एकवार पाहावे.