मत्स्यपेटीत मावळे नकोत!

मुरबाडहून समुद्र दूर. पण हौसेला अंतर कसले? शेजारी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आली आणि मुलांनी ठरवले, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तिच्यात ठेवायचे. मी म्हटले, "बाळांनो, गडावर शोभतात ते पाण्यात घात करतील!"

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात लोखंडी तार गंजते, प्लास्टर हळूहळू विरघळते, कच्चा रंग सुटतो. तांब्याचा तर अंशही कोळंबी-गोगलगाईंच्या जिवावर उठतो.

मग शोभेला ठेवावे काय? चुनखडीचा दगड, कडा घासलेला बिनरंगी कौलाचा तुकडा, किंवा समुद्री मत्स्यपेटीसाठीच केलेली नकली पोवळी. खरी पोवळी मात्र घेऊ नयेत. २००१ पासून वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. धातूची वस्तू नकोच. टोके नसावीत, मासा अडकेल अशी अरुंद भोकेही नसावीत. नवी वस्तू आठवडाभर मिठाच्या पाण्यात भिजवावी. रंग, वास वा तवंग आला तर ती कपाटातच बरी.

मासा घरी येतो तो आपल्या हौसेने, त्याच्या नव्हे. त्याला तक्रार करता येत नाही. म्हणून काळजी आपणच घ्यायची.