लॅपटॉप मस्त चालतोय, मग विंडोज ११ का अडतं?

आजचा एपिसोड त्या लॅपटॉपबद्दल, जो व्यवस्थित चालतोय, पण विंडोज ११ टाकायला गेलं की सरळ नाही म्हणतो.

२०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. विंडोज ७ ला लागायचं जवळपास तेवढंच हार्डवेअर त्याला पुरायचं: १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४-बिटसाठी २ जीबी रॅम. वर अपग्रेड फुकट. म्हणून जुन्या मशिनवरही ते पटापट गेलं.

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. तेही फुकट. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, इथपर्यंत ठीक. गाडी अडते ती टीपीएम २.० आणि प्रोसेसरच्या यादीवर.

टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी. कधी ती वेगळी चिप असते, कधी प्रोसेसरच्या आतच. डिस्क एन्क्रिप्ट केली की तिची किल्ली इथे सुरक्षित राहते. बऱ्याच मशिनमध्ये ही तिजोरी असते, फक्त बायॉसमध्ये बंद असते. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने शोधा, चालू करा, काम झालं.

यादीचं मात्र तसं नाही. मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं हवं, आणि ती पिढी आली २०१७ मध्ये. म्हणजे विंडोज ११ आलं तेव्हा पाच वर्षांचा लॅपटॉप आधीच बाद! सातव्या पिढीच्या कित्येक लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० आहे, तरी यादीत नाव नाही. मायक्रोसॉफ्ट कारण देतं सुरक्षितता आणि स्थिरतेचं. ते खोटं नाही, पण त्याचं बिल आपल्या खिशातून जातं.

कारण सॉफ्टवेअर फुकट असलं तरी लॅपटॉप फुकट नाही ना. मग लोक नवीन मशीन घेतील तेव्हाच नवीन विंडोज घेतात. स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत विंडोज ११ ने विंडोज १० ला मागे टाकलं ते थेट जुलै २०२५ मध्ये. जवळपास चार वर्षं लागली! आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टच संपला.

मग करायचं काय? सेकंडहँड लॅपटॉप घेताना मॉडेल नंबर बघा. आय५-७२०० यू म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५० यू म्हणजे आठवी. "आय५ आहे" एवढ्यावर पैसे देऊ नका. घरचं मशीन यादीत नसेल, तर विंडोज १० साठी जादा सुरक्षा अपडेट्सची नोंदणी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. नाहीतर लिनक्स आहेच. जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं, पण पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. ज्या मशिनवर नेटबँकिंग करतो, तिथे मी ते टाकणार नाही.

लॅपटॉपचा नंबर आजच तपासा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!