फ्यूज उडणं हे लक्षण असतं

मे महिना होता. दुपारपासून वळवाचं वातावरण होतं आणि पंचवटीत वीज येत-जात होती. रुग्णालयात माझा संध्याकाळचा राउंड चालू असताना फोन वाजला.

"डॉक्टर, आजीचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. मागचा फ्यूज काळा झालेला दिसतोय."

फोन माझ्या एका जुन्या रुग्णाच्या नातवाचा होता. आजींचं वय सत्तरीच्या पुढे. आयुष्याची चाळीस वर्षं चुलीपुढे गेली, विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही, तरी फुप्फुसं एखाद्या जुन्या धूम्रपान करणाऱ्यासारखी झालेली. या आजाराला आम्ही सीओपीडी म्हणतो. रक्तातला ऑक्सिजन कायम कमी राहणाऱ्या अशा रुग्णांना दिवसातले निदान १५ तास ऑक्सिजन द्यावा लागतो. म्हणून घरात कॉन्सन्ट्रेटर.

"फ्यूज बदल," मी म्हणालो, "तोवर सिलिंडर लाव."

"पाच अँपिअरचा मिळत नाहीये. दहाचा आहे. चालेल का?"

"चालेल. आजची रात्र काढ."

ती एक रात्र अकरा दिवस लांबली. बाराव्या दिवशी पहाटे मशीनमधून धूर आला. नातू शेजारीच झोपला होता. त्याने आधी प्लग काढला, आजींच्या नाकातली नळी काढून त्यांना बाहेरच्या खोलीत नेलं आणि तिथे सिलिंडर लावला. सगळं योग्य क्रमाने. आजींना काही झालं नाही. पण त्या दिवशी मी आरशात स्वतःकडे फार वेळ बघू शकलो नाही.

आम्हा नाशिककरांना ऑक्सिजनबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातल्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली होती. विजेवर चालणारं आणि प्राणवायू देणारं यंत्र बिघडलं की त्याची किंमत कशात मोजावी लागते, हे आपण एकाच वर्षात दोनदा पाहिलं. त्या दिवसांत अनेक घरांनी कॉन्सन्ट्रेटर घेतले. रुग्णालयातल्या यंत्रांना देखभालीचा करार असतो, नोंदवही असते. घरातल्या यंत्राला मात्र विचारणारं कुणी नसतं. आजींच्या मशीनचंही तसंच होतं. मुदत संपलेली, बोर्ड बाजारात मिळेना आणि नवीन मशीन घ्यायला पैसे जमवायला वेळ हवा.

नातू मशीन घेऊन पंचवटी कारंज्याजवळच्या एका गल्लीत गेला. तिथे एक काका रेडिओ, मग टीव्ही, मग इन्व्हर्टर दुरुस्त करत तिथेच म्हातारे झाले आहेत. मीही गेलो. चूक माझी होती, त्यामुळे ती कशी झाली हे बघणं मला भाग होतं.

काकांनी झाकण उघडलं. मधोमध एक काळा खड्डा, भोवती काजळी, एका कोपऱ्यात वितळलेली वायर. मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याकडे भाजलेला माणूस आला की तुम्ही पहिल्या नजरेत सांगता का, जगेल की नाही?" नाही सांगत. आधी धुतो, मग बघतो.

त्यांनीही तेच केलं. आधी एका रेझिस्टरने मोठा कपॅसिटर रिकामा केला. घरातला २३० व्होल्टचा प्रवाह बोर्डावर एकदिश झाला की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच दबा धरून बसतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काजळी धुतली. ही घाई सौंदर्यासाठी नव्हती. वायरवरचं पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते काजळीत मिसळून तांब्यावर बसतं आणि आग विझल्यानंतरही दिवसेंदिवस तांबं खात राहतं. आम्ही रसायनाने भाजलेल्या माणसाला आधी भरपूर पाण्याने धुतो, त्यामागे हाच विचार असतो.

धुतल्यावर खड्ड्याच्या मध्यभागी एका गोल चकतीचे दोन पाय तेवढे उरलेले दिसले. काका म्हणाले, "हा एमओव्ही. दारावरचा पहारेकरी." जस्ताच्या ऑक्साइडची ही चकती ठरावीक व्होल्टेजपर्यंत वीज अडवते. त्याहून मोठा झटका आला की तो स्वतःमधून जाऊ देते आणि पुढचे भाग वाचवते. पण प्रत्येक झटक्याला ती थोडी झिजते. खांबावरची न्यूट्रल ढिली झाली तर घरात तीनशे व्होल्टच्याही वर वीज येऊ शकते, आणि असं बराच वेळ चाललं तर चकती तापत जाते. झिजलेली चकती मग आतूनच वीज गळू देते, आणखी तापते आणि शेवटी पेटते.

"पहिला फ्यूज उडाला, तेव्हाच ही आजारी होती," काका म्हणाले. "पाचचा असता तर पुन्हा लवकर उडाला असता. दहाचा तग धरून राहिला आणि तेवढ्या वेळात बोर्ड जळाला."

मी गप्प बसलो. ताप आला म्हणून तापाची गोळी देऊन घरी पाठवू नका, ताप का आला ते शोधा, हे मी शिकाऊ डॉक्टरांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. फ्यूज उडणं हे लक्षण होतं. मी फोनवरून तेच दाबून टाकलं होतं.

यानंतर काकांनी जे केलं ते पाहून मला आमचा भाजलेल्यांचा वॉर्ड आठवला. बोर्ड काचेच्या तंतूंचा आणि इपॉक्सी रेझिनचा असतो. रेझिन जळालं की त्याचा कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. वरून साफसूफ करून नवीन चकती बसवली, तर वीज त्या काळ्या वाटेने धावेल आणि तिथेच पुन्हा आग लागेल. म्हणून काकांनी लहान ग्राइंडरने काळा भाग कोरायला सुरुवात केली. तपकिरी थर गेला, मग करडा. स्वच्छ, पांढरट हिरवे तंतू दिसेपर्यंत ते थांबले नाहीत. शल्यविशारद मृत ऊती काढतात तेव्हा जिवंत, रक्त येणारा भाग लागेपर्यंत जातात. थोडी मृत ऊती मागे राहिली तर तिथेच जंतू घर करतात. इथे जंतूच्या जागी ठिणगी, एवढाच फरक.

आजूबाजूचे भाग काढून काकांनी मेगर लावला आणि ५०० व्होल्टवर त्या जागेचा रोध मोजला. पहिल्यांदा आकडा कमी आला. "अजून आहे," म्हणत त्यांनी आणखी कोरलं. दुसऱ्या वेळी काटा जिथे हवा तिथे थांबला. डोळ्यांना दोन्ही वेळा जागा सारखीच स्वच्छ दिसत होती.

खड्डा उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीने भरला. तांब्याचे जळालेले पट्टे जाड, आवरण असलेल्या तारांनी जोडले. २३० व्होल्टची बाजू आणि कमी व्होल्टची बाजू यांच्यात कारखान्याने जेवढं अंतर ठेवलं होतं, तेवढंच पुन्हा राखलं. एका रेझिस्टरचे रंगाचे पट्टे जळून गेले होते. अंदाज न करता काकांनी तशाच दुसऱ्या मशीनच्या चांगल्या बोर्डावरून त्याची किंमत पाहून घेतली. आगीच्या जवळचे कपॅसिटर वरून ठीक दिसत होते, पण उष्णतेने त्यांच्यातला द्रव सुकतो म्हणून तेही बदलले. आणि फ्यूज ५ अँपिअरचा.

पहिल्यांदा चालू करताना त्यांनी मशीन सिरीज बल्बवर लावलं. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि मंद झाला. मग सरळ वीज जोडली. कॉम्प्रेसर घुमू लागला, झडपा ठराविक अंतराने फुसफुसू लागल्या. नातवाच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पण इथेच डॉक्टरने हसायचं नसतं. कॉन्सन्ट्रेटर हवा ओढतो आणि तिच्यातला नायट्रोजन झिओलाइटच्या दोन नळकांड्यांत आळीपाळीने अडवतो. त्यामुळे २१ टक्के ऑक्सिजनच्या हवेतून ९० टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन बाहेर येतो. झडपा आवाज करतात म्हणजे ऑक्सिजन येतो असं नाही. आवाज तोच, फुगाही तेवढाच फुगेल, पण नाकात साधी हवा जात असेल. मी एका बायोमेडिकल इंजिनिअर मित्राला ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन बोलावलं. अर्धा तास मशीन चालवून मोजलं, तर ७९ टक्के. आगीच्या उष्णतेने आतली एक रबरी नळी कडक होऊन तडकली होती. आमच्यापैकी कुणाच्याही नजरेला ती दिसली नव्हती. नळी बदलली आणि आकडा ९३ वर आला. मग त्याने बाहेरच्या आवरणावर वीज गळते का तेही तपासलं.

तरीही आजींचं मुख्य मशीन म्हणून मी हे वापरू दिलं नाही. त्यांच्यासाठी भाड्याने दुसरं आणलं. दुरुस्त मशीन राखीव ठेवलं आहे. फक्त दिवसा, घरात कुणी जागं असताना ते चालवायचं आणि दर महिन्याला ऑक्सिजन मोजायचा. टीव्हीची दुरुस्ती फसली तर मालिका चुकते. इथे फसली तर आजी झोपेतच जातील. हा फरक काकांनाही मान्य होता. किंबहुना तो त्यांनीच आधी बोलून दाखवला.

हे सगळं चालू असताना काका मधूनमधून खोकत होते. सोल्डरच्या तारेत असलेली राळ तापली की तिचा धूर निघतो आणि त्याने दमा होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला जुनं ठाऊक आहे. मी विचारलं, "सुटीच्या दिवशी खोकला कमी होतो का?" ते म्हणाले, "गावाला गेलो की जातोच." व्यवसायातून होणाऱ्या दम्याची ही ठरलेली खूण. त्यांची फुप्फुसं मी दुकानातच तपासली आणि दुसऱ्या दिवशी श्वासाच्या चाचणीला बोलावलं. आता टेबलाच्या कडेला धूर बाहेर ओढणारा पंखा बसला आहे. जळालेला बोर्ड हाताळताना ते हातमोजे, चष्मा आणि मास्क वापरतात आणि चहाचा कप त्या टेबलावर ठेवत नाहीत. सोल्डरमध्ये शिसं असतं आणि ते बोटांवरून पोटात जातं.

घरात कॉन्सन्ट्रेटर असेल त्यांनी एवढं करावं. देवघराचा दिवा, उदबत्ती, गॅस यांच्यापासून मशीन निदान दहा फूट लांब ठेवा. ते भिंतीला चिकटवू नका, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. भरलेला सिलिंडर कायम जवळ असू द्या. जळका वास आला तर प्लग काढा, रुग्णाला हलवा आणि मग सिलिंडर लावा. जळालेलं मशीन पुन्हा चालू करून बघू नका. आणि फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तो पुन्हा उडाला, तर मोठा फ्यूज शोधू नका, कारण शोधा. त्या वेळी डॉक्टर फोनवर "चालेल" म्हणाला, तरी ऐकू नका.

कोरून काढलेला तो काळा तुकडा काकांनी एका पुडीत बांधून मला दिला. माझ्या ओपीडीच्या टेबलावर तो आहे. नवे शिकाऊ डॉक्टर विचारतात, हे काय. मी त्यांना आधी विचारतो, "आज कुणाचं लक्षण दाबलंत?"