पॅकिंग क्रेडिटचे दशक

निर्यातीसाठी घेतलेल्या रुपयातील कर्जाच्या व्याजाचा काही भाग केंद्र सरकारने सोसायचा, अशी व्याज समानीकरण योजना 1 एप्रिल 2015 पासून अंमलात होती; ती 31 डिसेंबर 2024 रोजी मुदत संपून थांबली. पुढचे 2025 हे वर्ष निर्यातदारांनी या आधाराविना काढले आणि त्याच वर्षी 27 ऑगस्टपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक मालावरील शुल्क 50 टक्क्यांवर नेले. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना आणि कोल्हापूरच्या ओतकाम कारखानदारांना तेव्हा सगळीकडून एकच सल्ला मिळाला, की आखातात, आग्नेय आशियात, जपान-कोरियात नवे गिऱ्हाईक शोधावे. हा सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धवट होता. कारण नवे गिऱ्हाईक उधारीवर माल मागते आणि ती उधारी निभावण्यासाठी लागणारे कर्ज महाग झाले असेल, तर बाजारपेठ नकाशावर कितीही जवळ असली तरी व्यापाऱ्याला ती दूरच राहते. मालाला बाजार मिळण्याआधी मालाला कर्ज मिळावे लागते, हे भारतीय धोरणाला एके काळी नीट ठाऊक होते, आणि तो काळ फार जुना नाही.

हे कर्ज दोन टप्प्यांत मिळते. परदेशी ग्राहकाची पक्की मागणी हाती आल्यापासून माल जहाजावर चढेपर्यंत कच्चा माल, मजुरी आणि बांधणी यांसाठी बँक जे देते, त्याला पॅकिंग क्रेडिट म्हणतात; माल रवाना झाल्यावर त्याची कागदपत्रे आणि हुंडी बँकेत वटवून जे मिळते, ते निर्यातोत्तर कर्ज. या दोहोंचा कणा असते ते पतपत्र, म्हणजेच एलसी. ठरलेली कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत सादर केली तर पैसे देण्याची जबाबदारी ग्राहकाच्या बँकेने त्यात स्वतःवर घेतलेली असते, त्यामुळे इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याला दुबईच्या दुकानदाराची नियत पारखत बसावे लागत नाही, त्या दुकानदाराची बँक भक्कम असली की पुरते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या साडेतीन दशकांचा आढावा थोडक्यात उरकता येतो. निर्यातीतील बुडिताच्या जोखमीचा विमा उतरवणारे महामंडळ 1957 मध्ये मुंबईत स्थापन झाले आणि पुढे ईसीजीसी या नावाने ओळखले जाऊ लागले. रिझर्व्ह बँकेने निर्यात कर्जाची पहिली चौकट 1967 मध्ये आखली. तेहरान येथे मुख्यालय असलेला आशियाई समाशोधन संघ 1974 मध्ये स्थापन झाला, ज्यात सदस्य देशांच्या मध्यवर्ती बँका आपसांतील देणी-घेणी वजा करून दर दोन महिन्यांनी फक्त उरलेली बाकी चुकती करत. आणि 1982 मध्ये एक्झिम बँक उभी राहिली. संस्था सगळ्या होत्या, परंतु परवान्यांच्या राज्यात त्यांना करण्यासारखे फार काही नव्हते, त्यामुळे या वर्षांत परिपत्रकांची भर जितकी पडली तितकी व्यापाराची पडली नाही.

खरा इतिहास 1991 पासून सुरू होतो. त्या वर्षी परकी चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण पडले, आणि अनेक प्रकारच्या आयातीसाठी पतपत्र उघडताना रकमेच्या 200 टक्के रोख अनामत ठेवण्याची सक्ती झाली. म्हणजे एक लाखाचा रंग किंवा रसायन मागवायचे तर दोन लाख रुपये आधी बँकेत अडकवायचे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. मार्च 1992 मध्ये दुहेरी विनिमय दर आला, ज्यात निर्यातदाराच्या कमाईतील 40 टक्के रक्कम सरकारी दराने आणि 60 टक्के बाजाराच्या दराने मोजली जाई, आणि वर्षभरातच, मार्च 1993 मध्ये, हे दोन्ही दर एक झाले.

या साऱ्या घडामोडींत अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी ज्याची फारशी दखल घेतली नाही, असा एक निर्णय नोव्हेंबर 1993 मध्ये झाला. परकी चलनातील पॅकिंग क्रेडिट, बँकांच्या बोलीत ‘पीसीएफसी’, देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. निर्यातदाराने डॉलरमध्ये कर्ज घ्यायचे, लंडनच्या आंतरबँक दरावर ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच वाढ देऊन व्याज भरायचे, आणि माल गेल्यावर हुंडीच्या डॉलरमधूनच ते फेडायचे, अशी ही सोय होती. येणे आणि देणे एकाच चलनात असल्याने रुपयाच्या चढउताराची धास्ती उरत नव्हती, आणि देशी कर्जाचे व्याज दोन आकडी असताना हे व्याज त्याच्या निम्म्याच्या आसपास पडत होते. बँकॉकच्या किंवा सोलच्या कारखानदाराला ज्या भावाने भांडवल मिळते त्याच्या जवळपासच्या भावाने ते सोलापूरच्या कारखानदारालाही मिळू शकते, हे या सोयीने पहिल्यांदाच प्रत्यक्षात दाखवले.

त्या दशकातील निर्यातवाढीचे श्रेय आजही सर्रास अवमूल्यनाला दिले जाते आणि तो समज खोडून काढणे आवश्यक आहे. मार्च 1993 पासून 1995 च्या मध्यापर्यंत डॉलरचा भाव 31 रुपये 37 पैशांच्या आसपास जवळजवळ स्थिर होता. तरीही डॉलरमध्ये मोजलेली निर्यात 1993-94 मध्ये सुमारे 20 टक्के, 1994-95 मध्ये 18 टक्के आणि 1995-96 मध्ये पुन्हा 20 टक्क्यांहून अधिक वाढली. जगाचा व्यापार तेव्हा तेजीत होता, हे मान्य करावेच लागेल. पण बराच काळ रुपया जागचा हललेला नसतानाही निर्यात तीन वर्षे अशी वाढते, तेव्हा तिच्या मुळाशी केवळ चलनाचा भाव असू शकत नाही. तेथे कर्जाचा भाव आणि कर्जाची सहजता यांचा हिशेब मांडावाच लागतो, आणि तो ज्यांनी मांडला नाही त्यांनीच पुढे कर्जाची चौकट मोडण्याचा सल्ला दिला.

सहजता कशाला म्हणायची, हे त्या काळच्या बँकशाखेतील परकी चलन विभागाकडे पाहिल्यावर कळते. टॉवेलांचा कंटेनर न्हावा शेवा बंदरातून निघाला की निर्यातदार कागदांचा संच घेऊन शाखेत येई : बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती आणि मालकीचा दस्तऐवज, त्याच्या तिन्ही मूळ प्रती, बीजक, बांधणी यादी, उगम प्रमाणपत्र, विमापत्र, हुंडी आणि रिझर्व्ह बँकेसाठीचा जीआर फॉर्म. टेबलामागचा अधिकारी एका हाताशी पतपत्र ठेवून दुसऱ्या हाताने एकेक ओळ ताडून पाही. पतपत्रात ग्राहकाच्या नावात असलेले एखादे अक्षर बीजकात गळाले असेल, किंवा माल चढवण्याची तारीख एका दिवसाने उलटली असेल, तर परदेशी बँक पैसे अडवू शकते. 1 जानेवारी 1994 पासून लागू झालेल्या ‘यूसीपी 500’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे कागद तपासून नकार कळवण्यासाठी तिला सात बँक-दिवसांपर्यंत मुदत होती. म्हणून अनुभवी अधिकारी चूक शाखेतच पकडे, निर्यातदाराला त्याच दुपारी बीजक दुरुस्त करून आणायला सांगे आणि संध्याकाळच्या कुरिअरने संच रवाना करी. ही विद्या कोणत्याही परीक्षेत शिकवली जात नव्हती. ती वर्षानुवर्षांच्या सरावाने एका टेबलाभोवती साठलेली होती, आणि तिचा मोबदला निर्यातदाराला वेळेवर वटलेल्या बिलाच्या रूपाने मिळत होता.

या दशकाची कसोटी 2 जुलै 1997 रोजी लागली. त्या दिवशी थायलंडने बाट मोकळा सोडला आणि काही महिन्यांत इंडोनेशिया, मलेशिया आणि दक्षिण कोरिया यांची चलने कोसळली. कारखाने शाबूत होते, मजूर हजर होते, परंतु परदेशी बँका इंडोनेशियातील बँकांची पतपत्रे घेईनाशा झाल्या, त्यामुळे चलन स्वस्त होऊनही तेथील निर्यातदाराला कच्चा माल आयात करता येईना. अखेर सिंगापूरला इंडोनेशियाच्या पतपत्रांसाठी हमीची योजना मांडावी लागली. व्यापार चालतो तो बँकांनी एकमेकींच्या सहीवर ठेवलेल्या विश्वासावर, याचा इतका उघड पुरावा आशियाने त्यापूर्वी पाहिला नव्हता. भारतालाही झळ बसली. स्पर्धकांचा माल स्वस्त झाल्याने रुपया घसरूनही 1998-99 मध्ये निर्यात सुमारे पाच टक्क्यांनी आकसली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 1998 मध्ये निर्यात कर्जाचा दर 11 टक्क्यांवरून थेट 9 टक्क्यांवर आणला. जानेवारीत रुपया सावरण्यासाठी बँक दर वाढवणाऱ्या मध्यवर्ती बँकेने त्याच वर्षी निर्यातदारापुरता दर उतरवावा, यातून निर्यात कर्ज इतर कर्जांपासून वेगळे काढून जपण्याची जी वृत्ती दिसते, तीच पुढच्या काळात हरवली.

ती एका झटक्यात गेली नाही. मे 2001 मध्ये ठरावीक दराऐवजी बँकेच्या मूळ कर्जदराशी जोडलेली कमाल मर्यादा आली, आणि ती तोवर ठीकच होती, कारण त्या मर्यादेच्या वर व्याज घेता येत नव्हते. 1 जुलै 2010 पासून आधार दराची पद्धत आली आणि रुपयातील निर्यात कर्जावरची मर्यादा उठली. फेब्रुवारी 2015 मध्ये निर्यात कर्जांच्या आधारे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणारा स्वतंत्र पुनर्वित्तपुरवठा बंद झाला. प्रत्येक पावलाला सुधारणा म्हटले गेले आणि प्रत्येक वेळी मोठ्या समूहांनी बँकांशी घासाघीस करून स्वतःचा दर सांभाळला. ज्याला ती ताकद नव्हती, त्या लघुउद्योजकाच्या हाती सरकारी व्याजसवलत तेवढी उरली आणि 2024 च्या अखेरीस तीही सुटली. दरम्यान मोठ्या बँकांनी कागद तपासण्याचे काम मध्यवर्ती केंद्रांकडे नेले, आणि टेबलाभोवती साठलेली ती विद्या निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर निघून गेली. तिची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसल्याने ती गेल्याचेही कुठे लिहिले गेले नाही.

फसवणुकीवरचा उपायही याच वळणाने गेला. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतला हमीपत्रांचा घोटाळा फेब्रुवारी 2018 मध्ये उघडकीस आला आणि 13 मार्चला रिझर्व्ह बँकेने ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ ही पद्धतच बंद केली. देशातील बँकेच्या या हमीवर हाँगकाँगसारख्या ठिकाणच्या भारतीय बँकशाखा आयातदाराला स्वस्त डॉलर देत असत. दोष एका शाखेच्या नोंदींत आणि देखरेखीत होता. शिक्षा मात्र कच्चा माल आयात करून तयार माल निर्यात करणाऱ्या प्रत्येकाला झाली.

कांद्याच्या बाबतीत तर सरकारने आपल्याच निर्यातदाराचे पतपत्र निरुपयोगी केले. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरची किमान किंमत आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपूर्ण बंदी, असे तीन फटके चार महिन्यांत बसले, आणि ती बंदी 4 मे 2024 पर्यंत उठली नाही. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका आणि आखात हे नाशिकच्या कांद्याचे जुने ग्राहक. पॅकिंग क्रेडिटचा नियम असा, की ठरलेल्या मुदतीत माल निर्यात झाला नाही तर ते कर्ज पहिल्या दिवसापासूनच सवलतीच्या दराला मुकते. म्हणजे खरेदीसाठी कर्ज काढून बसलेल्या व्यापाऱ्याची निर्यात सरकारने थांबवायची आणि निर्यात न झाल्याबद्दल वाढीव व्याज त्यानेच भरायचे. हा उघड अन्याय आहे आणि अशा अचानक बंदीच्या काळात नियमाला आपोआप अपवाद मिळायला हवा.

दक्षिण कोरियाने 1960 आणि 1970 च्या दशकांत जे केले, त्याकडे या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहिले पाहिजे. तेथे निर्यातदाराचे पतपत्र आले की त्याच्या आधारे देशांतर्गत पतपत्र निघे, आणि सूत पुरवणाऱ्या किंवा रंगाई करणाऱ्या छोट्या कारखान्यालाही त्याच स्वस्त निर्यात कर्जाचा हक्क मिळे. भारतातही मुख्य निर्यातदाराने उघडलेल्या अंतर्देशीय पतपत्रावर पुरवठादाराला पॅकिंग क्रेडिट वाटून देण्याची तरतूद आहे. ती नियमपुस्तकात आहे आणि इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2025 मध्ये 25,060 कोटी रुपयांचे निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केले, त्यात व्याजसवलतीचाही समावेश आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. मात्र अर्थसंकल्पातून दिलेली सवलत अर्थसंकल्पाबरोबर संपते, हे 31 डिसेंबर 2024 ने दाखवून दिले आहे. रिझर्व्ह बँकेने लघुउद्योगांच्या पॅकिंग क्रेडिटवरील व्याजाची कमाल मर्यादा 2010 पूर्वीप्रमाणे पुन्हा घालून द्यावी. त्यासाठी कायद्यात बदल करावा लागत नाही. तिचे एक परिपत्रक पुरेसे आहे.